माझा पहिला हेरिटेज वॉक: शनिवारवाडा ते तांबट आळी

लग्न होईपर्यंत मी कसबा पेठेत राहिले. तरी गेल्या वर्षी वॉक घेणाऱ्या एका गटात शिकायला गेले, तेव्हा जाणवलं की रोज शाळेत जायच्या रस्त्यांबद्दलसुद्धा मला फारसं काही सांगता येत नाही. गटाची पद्धत अशी: आधी सहा वॉकना नुसतं मागे मागे फिरायचं, मग आपला मार्ग आखायचा, घरच्यांना घेऊन सराव करायचा आणि तो जमला तरच बाहेरचे लोक न्यायचे.

मी आखलेला पहिला मार्ग शनिवारवाडा ते मंडई, अकरा ठिकाणं. एकही सोडवेना. विश्रामबागवाड्याचे सुरूच्या आकाराचे लाकडी खांब आणि त्यांवरची केळफुलं न दाखवता पुण्यातला वाडा समजावायचा कसा? मंडईपाशी तर जोतीराव फुल्यांचं सांगायचंच होतं. नगरपालिकेत असताना या बाजाराच्या खर्चाला त्यांनी विरोध केला होता. १८८६ साली रे मार्केट म्हणून उभ्या राहिलेल्या त्याच इमारतीला पुढे त्यांचं नाव मिळालं.

सरावाला वहिनी, दोन शेजारणी आणि भाचा आले. साडेतीन तास लागले. विश्रामबागवाड्यासमोर वहिनी पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "अगं, सनावळ्या पुरे. मघाशी त्या बारक्या दारातून वाकून आत गेलो ना, ते तसं का, तेवढं नीट सांग."

त्या रात्री वही काढली आणि अकराची चार ठिकाणं केली.

आता सुरुवात दिल्ली दरवाजापाशीच होते आणि तिथे मी चांगली वीस मिनिटं थांबते. शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० चा, वास्तुशांत १७३२ सालची. एवढं सांगून थेट दाराकडे वळते. हत्तीला धडक देता येऊ नये म्हणून दारावर बसवलेले अणकुचीदार खिळे आधी बघायला लावते. मग त्याच दारातलं छोटं दार, म्हणजे दिंडी. तिच्यातून माणूस एकेक करूनच आत येतो, तोही मान पुढे काढून, वाकून. पहारेकऱ्याला आणखी काय हवं? प्रत्येकाला तिच्यातून जायला लावते, मग वेगळं समजवावं लागत नाही. आत १८२८ च्या आगीतून उरलेली दगडी जोती आहेत.

'काका मला वाचवा'चं कुणीतरी विचारतंच. ३० ऑगस्ट १७७३ ला इथे नारायणरावांचा खून झाला, तेव्हा ते अठरा वर्षांचे होते, हे मी सांगते. भुताची गोष्ट सांगत नाही. इतक्या कोवळ्या मुलाचा जीव गेला त्या जागेवर करमणूक करणं मला पटत नाही.

लाल महालात फार वेळ घेत नाही. आजची इमारत महापालिकेने १९८० च्या दशकात बांधलेली आहे, हे तिथे पोचल्या पोचल्या सांगून टाकते.

सगळ्यांत अवघड गेलं ते राहता वाडा मिळवणं. बाहेरून दाखवायला खूप आहेत. पण चौकात उभं राहिल्याशिवाय वाडा कळत नाही. कसब्यातल्या एका आजींनी पहिल्या खेपेला दारातूनच परत पाठवलं. आधीच्या कुठल्याशा गटातले लोक न विचारता थेट माजघरापर्यंत शिरून मोबाइलवर चित्रण करत बसले होते. त्यांचा राग रास्त होता. दुसऱ्यांदा गेले ती एकटी, तासभर बसले. तिसऱ्यांदा मीच अटी सांगितल्या: बारापेक्षा जास्त माणसं नाहीत, चपला देवडीत, फोटो नाहीत, चौकाच्या पुढे पाऊल नाही. आजी म्हणाल्या, "आणि मोठ्याने बोलायचं नाही, यांना झोप लागलेली असते." तीही अट वहीत लिहिली.

त्या चौकात मी फक्त खांबाच्या पायाशी असलेला दगड दाखवते. तो तळखडा. सागवानी खांब थेट जमिनीत रोवला तर ओल धरून कुजेल, म्हणून तो दगडावर उभा. मग वर कडीपाटाकडे, म्हणजे लाकडी छताकडे, बघायला सांगते.

शेवट तांबट आळीत. वॉक रविवारी ठेवला होता, पण ज्यांच्या कारखान्यात जायचं होतं ते काका म्हणाले, "रविवारी येऊन काय बघणार? ठोके ऐकायचे तर शनिवारी या." वार बदलला.

पहिल्या वॉकला नऊ जण आले. काका घंगाळ मठारत होते, म्हणजे हातोडीने ठोके देत होते. एका ठोक्याला लागून दुसरा, त्याला लागून तिसरा, हाताने घंगाळ कणभर फिरवत. मठारल्याने पत्रा टणक होतो, ती नक्षी नुसती शोभेची नसते, हे त्यांनी हात न थांबवता सांगितलं. आवाज इतका, की मला काही बोलताच येईना आणि बोलायची गरजही नव्हती. एका मुलीने ठोक्यांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "हे सगळे सारखे कसे येतात?" काकांनी हातोडी तिच्या हातात दिली, एक जुना तुकडा पुढे ठेवला. तिचे तीन ठोके तीन दिशांना गेले. ती आणखी अर्धा तास तिथेच बसली, आईसकट.

निघताना पुढच्या तारखा विचारल्या. दिवाळीआधीचे दोन शनिवार सोडून कधीही या, म्हणाले, तेव्हा मागणी जोरात असते.