कालच टाकलेली ट्यूब आज का बसली?

आज समोर आलेली मोटरसायकलच्या मागच्या चाकाची ट्यूब कालच बदललेली. तिला शेजारी-शेजारी दोन बारीक चिरा. असं दिसलं की समजायचं, खिळा नव्हताच, टायर चढवताना लिव्हरखाली (टायर रिमवर चढवायच्या लोखंडी पट्टीखाली) ट्यूब चिमटली.

खरी परीक्षा टायरची कड रिमवर चढवताना शेवटच्या वीतभरात असते. तिथे जोर लावूच नका. समोरच्या बाजूची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात गुडघ्याने दाबून धरा, इकडे आपसूक ढिलाई मिळते. ट्यूबमध्ये आधी थोडी हवा भरा, गोल आकार येईल एवढीच. रिकामी ट्यूब घडी पडून लिव्हरखाली जाते. सुरुवात व्हॉल्व्हच्या समोरून, शेवट व्हॉल्व्हपाशी. कडेला साबणाचं पाणी लावा. ऑइल-ग्रीस नको, रबर खराब होतं.

त्याआधी टायरच्या आतून सुती फडकं फिरवा. काटा असेल तर धागा अडकतो, बोट वाचतं. ट्यूबला भोक आतल्या बाजूने असेल तर रिमवरची पट्टी बघा, ती सरकली की आऱ्याचं टोक टोचतं. टायरवरचा बाण फिरण्याच्या दिशेला.

हवा भरल्यावर कडेची बारीक रेघ रिमपासून सगळीकडे सारखी दिसली पाहिजे. नसेल तर हवा सोडून पुन्हा.

चाक बसवताना चेन साधारण 20 ते 30 मिलिमीटर ढिली, अ‍ॅक्सलच्या दोन्हीकडच्या खुणा सारख्या. आणि ड्रम ब्रेकच्या प्लेटला जागेवर धरून ठेवणारा टॉर्क रॉड, त्याचा नट आणि नट सुटू नये म्हणून घातलेली स्प्लिट पिन तपासल्याशिवाय गाडी हलवू नका. तो सुटला तर ब्रेक दाबताच प्लेटच फिरते.