सुईचा ताप

दुपारी अडीचला मांसात खुपसलेल्या, आतली उष्णता मोजणाऱ्या सुईने सांगितलं, झालं, काढा.

पावणेदोनला ती १३८ डिग्री फॅरनहाइट दाखवत होती. अडीचला २०३. आठ पौंडांचा डुकराचा खांदा (दुकानात त्याला 'पोर्क बट' म्हणतात आणि तो असतो खांदाच, मी आता विचारणं सोडलं आहे) पाऊण तासात पासष्ट डिग्री चढत नाही. तो दीडशे-एकशेसाठच्या आसपास रुसून बसतो. अंगातून पाणी सुटतं, ते उडताना त्यालाच गार करतं, आणि आकडा तासन् तास हलत नाही. आपण फक्त बघायचं. त्यात २०३ म्हणजे अगदी नेमका तोच आकडा, ज्याला मांस काट्याने नुसतं ओढलं तरी सुटतं असं सगळे सांगतात. इतकं नेमकं उत्तर परीक्षेत कोणी लिहिलं असतं तर बाईंनी शेजारच्याची वही तपासली असती.

बाहेर पाऊस होता. अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या पश्चिमेला ऑक्टोबरात जो सुरू होतो तो. चिपळूणच्या माणसाला हा पाऊस म्हणजे अपमानच. पडत नाही, नुसता असतो. छत्री उघडावी इतका नाही, आणि अंगणात अर्धा तास काढला की बनियन ओलं. संध्याकाळी सहाला पाच मंडळी जेवायला येणार होती. त्यांतले दोघे 'घरी नाही खात, बाहेर चालतं' या पंथाचे.

तर अंगणातल्या, मांस धुरावर शिजवायच्या पेटीपुढे मी रेनकोट घालून उभा. आई दोन वर्षांपूर्वी आली होती तेव्हा तिने ती पेटी एकदा चहूबाजूंनी पाहिली आणि म्हणाली, "हा तर बंब." तेव्हापासून घरात बंबच. शेजारचे निवृत्त आजोबा, ज्यांनी मला हा नाद लावला, तेही आता 'बांब' म्हणतात. एका बाजूला लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या गोळ्यांचा डबा, खाली त्या ढकलणारा मळसूत्री दांडा, मधे आगीची वाटी, आणि किती गोळ्या ढकलायच्या ते ठरवणारं यंत्र. हे सगळं मूळचं इथलंच. इथून तासाभरावर माउंट एंजल नावाचं छोटं गाव आहे, तिथल्या जो ट्रेगर नावाच्या माणसाने असा बंब बनवून १९८६ साली पेटंट घेतलं. लाकूडकटाईचा मुलूख, करवतीखाली भुशाचे डोंगर, त्याचं काय करायचं हाच प्रश्न.

तो प्रश्न आमच्या घरी वडिलांनी आधीच सोडवला होता. भुशाची शेगडी. पत्र्याचं डबडं, खाली बाजूला एक भोक. भोकातून एक दांडका आडवा सरकवायचा, मधोमध बाटली उभी धरायची, आणि भोवती भुसा ठासायचा. ठासायचं काम माझं. मग श्वास रोखून बाटली गोल गोल फिरवत वर काढायची, दांडका तसाच बाहेर ओढायचा, आणि आतला बोगदा शाबूत राहिला तर सकाळचं अंघोळीचं पाणी, नाही तर बोलणी. जूनपर्यंत ठीक. नंतर वखारीतून आणलेलं पोतंच ओलसर. वडील तो भुसा वर्तमानपत्रावर पसरून खाटेखाली ठेवायचे, तरी शेगडी जळायची नाही, नुसती धुमसायची. घरभर धूर. त्या धुरासाठी आता मी पैसे मोजतो, हे आईला सांगितलेलं नाही.

सादळणं. या क्रियापदाला इंग्रजीत जागाच नाही. पापड सादळतो, काडेपेटी सादळते, मीठ तर पाणीच होतं. आई काडेपेटी तांदळाच्या डब्यात ठेवायची. आजोबांना मी एकदा हा शब्द समजावायला गेलो. ते म्हणाले, म्हणजे ओलं. म्हटलं, नाही. म्हणाले, म्हणजे दमट. म्हटलं, तेही नाही. ओल्या वस्तूला आपण ओली आहोत हे माहीत असतं. सादळलेली वरून कोरडीच दिसते.

सुई सादळली होती.

अर्थात हे लगेच कळलं नाही. आधी यंत्रावर संशय. बंबाला दोन सुया, त्या यंत्राला जोडायची दोन भोकं. अदलाबदल केली. खोटा आकडा सुईबरोबर दुसऱ्या भोकात गेला, म्हणजे यंत्र निर्दोष. मग स्टीलच्या पेल्यात काठोकाठ बर्फ, वर थोडं पाणी, ढवळून दोन मिनिटं थांबलो आणि सुई बुडवली, फक्त टोकाकडून, जोड पाण्याबाहेर ठेवून. ३२ यायला हवं. आलं १७१. बर्फात १७१! क्षणभर मला त्या सुईबद्दल आदरच वाटला.

त्याचं कारण कळलं की मजा जाते, पण असो. सुईच्या टोकात एक मण्याएवढा तुकडा असतो. तापला की त्याचा विजेला होणारा अडथळा कमी होतो, आणि यंत्र तो अडथळा मोजून डिग्री सांगतं. सुई जिथे संपते आणि जाळीची वायर सुरू होते तिथल्या चिमट्यातून पाणी आत शिरलं की विजेला एक चोरवाट मिळते. अडथळा कमी, म्हणून यंत्राला वाटतं, तापलं. म्हणजे असल्या सुईची चूक कायम एकाच बाजूला. 'अजून कच्चं आहे' असं ती कधीच म्हणणार नाही. खांद्याचं एक वेळ ठीक, चावला नाही तर कळतं. कोंबडीला १६५ व्हायलाच हवं, तिथे अशी आशावादी सुई म्हणजे पाहुण्यांना दवाखाना.

पाणी शिरलं माझ्याच चुकीने. वायर यंत्रापासून सरळ उतरत बंबाच्या भोकात गेली होती. पावसाचा थेंब तिच्यावरून घरंगळत थेट सुईच्या मानेत. खरं तर वायरला झोळ द्यायचा असतो, भोकाच्या खाली लोंबेल इतका, म्हणजे थेंब तिथूनच गळून जातो. हे मला माहीत नव्हतं म्हणावं तर तेही खोटं. खांबावरून आमच्या घरात आलेल्या वायरला वायरमनने असाच झोळ दिला होता, आणि पडवीतल्या वाळत घालायच्या दोरीचे थेंब नेमके मधोमध गळायचे. तिथे बादली असायची. लहानपण त्या बादलीकडे बघण्यात गेलं.

मनगटाने सुई जोरात झटकली. चिमट्यातून तांबूस पाण्याचा एक थेंब ओट्यावर पडला. आणि तो झटका देताना हाताला काहीतरी ओळखीचं वाटलं. पाऱ्याचा थर्मामीटर! वडील असाच झटकायचे, उजेडाकडे धरून, एक डोळा बारीक करून. पावसाळ्यात आमच्याकडे कोणाला तरी ताप असायचाच. आकडा कालनिर्णयच्या मागच्या पानावर पेन्सिलीने लिहिला जायचा. गंमत बघा, आपल्याकडे दूध लिटरमध्ये, रस्ता किलोमीटरमध्ये, ऊन सेल्सिअसमध्ये. ताप मात्र अजून फॅरनहाइटमध्ये. त्यामुळे इथे आल्यावर मला ही मापं परकी वाटलीच नाहीत. आजही बंबावरचा आकडा १०२ वरून जातो तेव्हा आत कुठेतरी वाटतं, बाप रे, चढला.

आईचा थर्मामीटरवर विश्वास नव्हता. ती हाताची पालथी बाजू कपाळावर ठेवायची, मग गळ्यापाशी, मग स्वतःच्या कपाळावर, आणि निकाल द्यायची. वडील पारा बघून म्हणायचे, शंभर. ती म्हणायची, अंग सांगतंय जास्त आहे. तासाभराने पारा तिच्या बाजूला यायचा.

सुई ओव्हनमध्ये अडीचशेवर अर्धा तास वाळवली. परत बर्फ. ३३. एक डिग्री मी माफ केली. दुसरी सुई खांद्यात खुपसली: १४४. घड्याळात साडेतीन. खांदा फॉइलमध्ये गुंडाळला, आच वाढवली. सहाला पाहुणे आले आणि आठ वाजून गेले तरी चिवड्यावरच होते.

साडेआठला आईला फोन केला, तिकडे सकाळचे नऊ. आवाज बसलेला.

"ताप आहे का?"

"नाही रे. थर्मामीटरचा सेल गेलाय, पण मी हात लावून बघितला. काही नाही."

"कोणाचा हात?"

"कोणाचा म्हणजे? माझाच."

स्वतःच्या हाताला स्वतःचा ताप कळत नाही, हातही तेवढाच तापलेला असतो. वडील जाऊन चार वर्षं झाली. बाहेर बंबावर १९१ होतं, आणि ती सुई तरी खरं बोलत होती.

"शेजारच्या काकूंना हाक मार," मी म्हणालो. "त्यांना हात लावून बघायला सांग. मी थांबतो फोनवर."

"काहीतरीच तुझं. सकाळी सकाळी त्यांची कामं असतात."

"मी थांबतो."

ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग चपला सरकवल्याचा आवाज आला, आणि मागून तिकडच्या पावसाचा.