प्लां मोजता येतो का? पॅरिसमध्ये आजचा फ्रेंच सिनेमा शिकताना

फ्रान्समधल्या सरकारी विद्यापीठात सिनेमा शिकायला निघालेल्यांनी एक गोष्ट आधीच पक्की करून घ्यावी: तिथे सहसा सिनेमा बनवायला शिकवत नाहीत. त्यासाठी ला फेमिस किंवा लुई ल्युमिएर या शाळा वेगळ्या आणि त्यांच्या प्रवेशपरीक्षाही वेगळ्या. विद्यापीठात सिनेमा बघायचा, मोजायचा आणि त्यावर लिहायचं. कॅमेरा हातात येतो तो एखाद्या कार्यशाळेपुरता. मी केलं ते दोन वर्षांचं मास्टर: ४ सत्रं, प्रत्येकी ३० क्रेडिट, एकूण १२०. विषय समकालीन फ्रेंच सिनेमा.

कागदपत्रांचं थोडक्यात. युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी मास्टरची वार्षिक फी २०१९ पासून वेगळी झाली. त्या वर्षी ती ३,७७० युरो होती, तर युरोपीय विद्यार्थ्याला २४३. आकडे नंतर वाढले आहेत, पण बरीच विद्यापीठं यात सूट देतात, तेव्हा अर्जाआधी प्रत्येक विद्यापीठाचं धोरण वेगवेगळं तपासा. सीव्हीईसी नावाचं वर्गणीवजा शुल्क भरल्याची पावती नसेल तर नावनोंदणीच होत नाही. दीर्घ मुदतीचा विद्यार्थी व्हिसा पोचल्यापासून ३ महिन्यांच्या आत ऑनलाइन वैध करून घ्यायचा असतो. हे विसरलात तर पुढचं सगळं अडतं.

भाषेचं मात्र सविस्तर सांगायला हवं. बऱ्याच ठिकाणी फ्रेंचच्या बी-२ पातळीचा दाखला चालतो. पुण्या-मुंबईत आलियाँस फ्राँसेझमध्ये शिकून तेवढी पातळी गाठता येते आणि व्याख्यान समजायला ती पुरतेही. पडद्यावरचं बोलणं समजायला नाही पुरत. पॅरिसच्या उपनगरांतल्या, म्हणजे 'बाँलिय'मधल्या सिनेमांत पोरं वेर्लां बोलतात. शब्दातली अक्षरं उलटवायची: 'फाम'चं 'मफ', 'फ्लिक'चं 'कफ'. बाई आणि पोलीस, दोघंही पाठ्यपुस्तकाबाहेर. यावर माझा उपाय म्हणजे डीव्हीडीवरची कर्णबधिरांसाठीची फ्रेंच उपशीर्षकं. त्यांत रंगांचा एक ठरलेला संकेत असतो. बोलणारा चौकटीत दिसत असेल तर पांढरा, दिसत नसेल तर पिवळा, आवाजांची नोंद लाल, संगीत गुलाबी-जांभळं, मनातलं बोलणं आणि निवेदन निळसर, परकी भाषा हिरवी. भाषेसाठी म्हणून ही सोय सुरू केली, तर भलताच फायदा झाला: चौकटीबाहेरून, म्हणजे 'ओर-शां'मधून, किती संवाद येतात ते पिवळ्या ओळी मोजूनच कळू लागलं.

गुण २० पैकी. १० ला पास, १२ म्हणजे बरं, १४ म्हणजे चांगलं, १६ म्हणजे उत्तम. त्याच्या वर शिक्षक सहसा जात नाहीत. आपल्याकडच्या टक्केवारीच्या हिशेबात १३ बघून छातीत धस्स होतं, पण तिथे १३ हे मान खाली घालण्याचे गुण नाहीत.

'दिसेर्तास्यों' या शब्दाने हमखास फसायला होतं. इंग्रजीच्या सवयीने आपण त्याचा अर्थ प्रबंध असा घेतो. फ्रान्समध्ये तो वर्गात बसून ४ तासांत लिहायचा निबंध. प्रबंधाला 'मेम्वार' म्हणतात आणि 'तेझ' म्हणजे पीएचडी. निबंधाची चौकट ठरलेली: प्रस्तावनेत एक कळीचा प्रश्न, मग तीन भाग. पहिल्या भागात मांडलेलं दुसऱ्यात अडचणीत आणायचं आणि तिसऱ्यात प्रश्नच नव्याने मांडायचा. आपण मुद्दे एकाखाली एक रचत जातो, त्यामुळे मजकूर बरोबर असूनही गुण जातात. मला हा साचा जाचक वाटला, अजूनही वाटतो. पण तो न पाळता पास होता येत नाही.

खरी कसोटी लागते ती प्रसंगाच्या विश्लेषणात. ४-५ मिनिटांचा तुकडा आमच्याकडे तीनदा दाखवत. पहिल्या वेळी पेन खाली ठेवायचं. दुसऱ्या वेळी फक्त कट मोजायचे आणि समासात आकडे टाकायचे. तिसऱ्या वेळी शक्य तेवढे डोळे मिटून आवाज ऐकायचा. घरी करताना तक्ता आखायचा: प्लांचा क्रमांक, कालावधी, चौकटीचा आकार, कॅमेऱ्याची हालचाल, काय दिसतं, काय ऐकू येतं. प्लां म्हणजे एका कटपासून पुढच्या कटपर्यंतचा तुकडा. व्हीएलसी प्लेअरमध्ये 'ई' दाबलं की एकेक फ्रेम पुढे सरकते, पण मागे जात नाही. म्हणून कटच्या दोन सेकंद आधी थांबायचं आणि तिथून पुढे सरकायचं.

यातली एक चूक जवळजवळ सगळेच करतात. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमने चित्रित होतो, युरोपातली पाल पद्धतीची डीव्हीडी २५ ने चालते. त्यामुळे १०० मिनिटांचा सिनेमा डीव्हीडीवर ९६ मिनिटांत संपतो आणि आवाजही किंचित चढा लागतो. निम्मी मोजमापं डीव्हीडीवरून आणि निम्मी ब्लू-रेवरून घेतली की प्लांच्या सरासरी लांबीचा सगळा हिशेब कोसळतो. एकच आवृत्ती धरा आणि ती कोणती हे पहिल्याच तळटीपेत लिहा.

आता मोजणंच कुठे अडतं ते पाहा. हानेके या दिग्दर्शकाचा 'काशे' (२००५) एका स्थिर दृश्याने उघडतो. गल्लीच्या तोंडाशी कॅमेरा, समोर एक घर, गाड्या उभ्या, तुरळक ये-जा. श्रेयनामावली बारीक अक्षरांत त्याच चित्रावर उमटत जाते. मिनिटं जातात. मग चौकटीबाहेरून एक पुरुष विचारतो, ''आलोर?'' बाई म्हणते, ''र्याँ.'' म्हणजे ''काय?'' आणि ''काही नाही.'' थोड्या वेळाने चित्रावर आडव्या रेषा धावतात आणि उलगडतं की आपण रस्ता बघत नव्हतो, त्या घरातली माणसं बघत असलेली व्हिडिओ कॅसेट बघत होतो. आता सांगा, हा एक प्लां की दोन? कॅसेटवरचं चित्र आणि सिनेमाचं चित्र यांच्यात कट असा नाहीच. पूर्ण सिनेमा हाय-डेफिनिशन व्हिडिओवर चित्रित केल्यामुळे पोतही तोच. 'प्रेक्षकाला अस्वस्थ वाटतं' एवढंच लिहिलंत तर ९ मिळतात. चौकट न बदलता तिचा मालक बदलतो, आणि ते आधी आवाजाने कळतं, मग रेषांनी, हे वेळेसकट दाखवलंत तर १४. याच सिनेमाच्या पोटात १७ ऑक्टोबर १९६१ रोजी पॅरिसमध्ये पोलिसांनी केलेलं अल्जेरियन निदर्शकांचं हत्याकांड आहे. पण तिथे पोचायचं ते या रेषांवरूनच. इतिहास आधी लिहून चित्र नंतर चिकटवलेलं तपासणाऱ्याला लगेच दिसतं.

'काशे' हा फ्रेंच सिनेमा म्हणायचा का, हा प्रश्न पहिल्याच चर्चासत्रात येतो. दिग्दर्शक ऑस्ट्रियन, पैसा चार देशांचा. ऑस्ट्रियाने तो ऑस्करला पाठवला आणि भाषा फ्रेंच म्हणून तो बाद झाला. उलट, झने या दिग्दर्शकाचा २००४ चा महायुद्धावरचा सिनेमा फ्रेंच भाषेत, फ्रेंच कलाकारांसह, फ्रान्समध्ये बनला. तरी निर्मिती कंपनीमागे अमेरिकी वॉर्नर आहे म्हणून न्यायालयाने त्याची सरकारी मान्यता, 'आग्रेमां', रद्द केली. हल्लीचं उदाहरण तर आपल्या दाराशी आहे. पायल कपाडियाच्या 'ऑल वुई इमॅजिन अ‍ॅज लाइट'ला २०२४ मध्ये कान महोत्सवाचं ग्राँ प्री मिळालं. गोष्ट मुंबई आणि रत्नागिरीची, बोलणं मल्याळम, हिंदी, मराठी, पण निर्मितीत फ्रेंच कंपनी. फ्रान्सच्या ऑस्कर निवड समितीने शेवटच्या चारांत तो ठेवला होता. अखेर पाठवला 'एमिलिया पेरेझ', तोही बहुतांशी स्पॅनिश.

म्हणून पैशाचं शास्त्र हा या अभ्यासाचा अर्धा भाग आहे, आणि आपल्यापैकी बरेच जण तो कंटाळवाणा म्हणून टाळतात. सीएनसी ही राष्ट्रीय सिनेसंस्था १९४६ ची. प्रत्येक तिकिटातले १०.७२ टक्के तिच्या निधीत जातात, म्हणजे १० युरोच्या तिकिटामागे साधारण १ युरो ७ सेंट. तिकीट हॉलिवूडच्या सिनेमाचं असलं तरी कापले जातात, पण निर्मात्याला मदत परत मिळते ती आग्रेमां असलेल्या सिनेमांसाठी. शिवाय १९५९ पासून कमाईवरची आगाऊ रक्कम आहे, ती पटकथा वाचून दिली जाते. टीव्ही वाहिन्या आधीच हक्क घेतात. २०२२ च्या करारानुसार कनाल प्लुस या सशुल्क वाहिनीला प्रदर्शनानंतर ६ महिन्यांनी सिनेमा दाखवता येई, नेटफ्लिक्सला १५, मोफत वाहिन्यांना २२. सुरुवातीच्या नावांचा ढीग पळवू नका. कुठल्या प्रांताचा निधी, कुठली वाहिनी, हे तिथेच वाचायला मिळतं. आणि यश मोजायचं ते विकल्या गेलेल्या तिकिटांत, रकमेत नाही. २०११ च्या 'अँतुशाब्ल'ची फ्रान्समध्ये १ कोटी ९० लाखांहून जास्त तिकिटं खपली, असं लिहायचं.

मेम्वारसाठी सिनेमे दोन-तीनच घ्या. 'समकालीन फ्रेंच सिनेमातील स्त्री' असला विषय मार्गदर्शक पहिल्याच भेटीत परत करतात, आणि बरोबर करतात. न्यायालयाचा प्रसंग, आलिस दियोपचा 'सेंत ओमेर' (२०२२) आणि जुस्तिन त्रिएचा 'आनातोमी दुन श्युत' (२०२३), साक्षीदार बोलताना कॅमेरा कोणावर, एवढ्यावर ८० पानं होतात. पॅरिसच्या बेर्सी भागातल्या सिनेमातेकच्या, म्हणजे सिनेसंग्रहालयाच्या, ग्रंथालयात सिनेमांवरची वर्तमानपत्री कात्रणं डिजिटल रूपात आहेत, ती तिथल्याच संगणकावर बघायची. तेव्हा अख्खा दिवस काढूनच जा. 'काये द्यु सिनेमा' आणि 'पॉझितिफ' ही दोन्ही मासिकं वाचा, त्यांची भांडणं जुनी आहेत आणि एकाच सिनेमावरचे उलटसुलट लेख मांडणीला उपयोगी पडतात. टीव्हीवरच्या मुलाखती हव्या असतील तर राष्ट्रीय ग्रंथालयातलं इनातेक, म्हणजे टीव्ही-रेडिओचं संग्रहालय. तिथे संशोधकाची परवानगी आधी घ्यावी लागते.

लांबी पानांत नव्हे, 'सिन्य'मध्ये, म्हणजे मोकळ्या जागांसकट अक्षरांत विचारतात. वर्डमध्ये तो आकडा दिसतो, रोज बघत जा. फोटोग्रामांना, म्हणजे सिनेमातून काढलेल्या स्थिरचित्रांना, क्रमांक आणि प्रत्येकाखाली तास-मिनिट-सेकंद. फोटोग्राम फार गडद असतील तर छापताना काळेकुट्ट येतात, म्हणून आधी एकच पान छापून बघा. तोंडी परीक्षेला साधारण १५ मिनिटं तुमची, उरलेला वेळ प्रश्नांचा. तुकडे वेगळे कापून पेन ड्राइव्हवर ठेवा आणि आवाज लागतो का ते खोलीत आधी जाऊन तपासा.