.३२ पिस्तूल अडकतं तेव्हा आधी काडतूस बघा

९ मिमी आपल्याकडे निषिद्ध बोअर (सामान्य नागरिकाला त्याचा परवाना मिळत नाही), त्यामुळे परवानाधारकाला पिस्तूल हवं असेल तर तो बहुतेक वेळा .३२ वर येतो: आपल्या सरकारी आयुध कारखान्याचं ‘अशनी’ किंवा एखादं जुनं विलायती. ते अडकलं की सगळे पिस्तुलालाच बोल लावतात. दोष मात्र पुष्कळदा काडतूस आणि मॅगझिन (काडतुसं भरायची पेटी) यांच्या जुळणीत असतो.

दुकानात नुसतं ‘.३२’ म्हणू नका. पिस्तुलाचं काडतूस ७.६५ × १७ मिमी, रिव्हॉल्व्हरचं ७.६५ × २३; पहिला आकडा बोअरचा, दुसरा नुसत्या पितळी केसच्या लांबीचा. लांब काडतूस पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये मावतच नाही. आखूड मात्र रिव्हॉल्व्हरच्या घरात बसू शकतं आणि धोका तिथेच आहे, कारण त्याचा दाब जास्त असतो. ‘बसतंय ना’ म्हणून उडवू नका.

आता मुख्य दुखणं. पिस्तुलाचं काडतूस १८९९ सालच्या, शस्त्ररचनाकार ब्राउनिंगच्या आराखड्याचं. त्याची रिम, म्हणजे मागची कड, बुडाच्या थोडी बाहेर येते: बूड साधारण ८.६ मिमी, रिम ९.१. म्हणून मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची रिम खालच्या रिमच्या पुढेच राहिली पाहिजे. ती मागे गेली की खालच्या रिमला अडकते आणि स्लाइडने (पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागाने) कितीही ढकललं तरी काडतूस हलत नाही. गोल नाकाचं, पूर्ण तांब्याच्या कवचाचं ७१ ग्रेनचं (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं एकक) काडतूस गोळीसकट सुमारे २५ मिमी लांब असतं, मॅगझिनमध्ये पुढेमागे सरकायला त्याला जागा उरत नाही. पोकळ टोकाचं ६० ग्रेनचं आखूड असतं. प्रत्येक झटक्याला ते थोडं पुढेमागे सरकतं आणि रिम एकमेकींत गुंततात. शिवाय स्लाइड मागे ढकलणारा झटका हलक्या गोळीत कमी पडू शकतो. या पिस्तुलांसाठी गोल नाकच घ्यावं, हे माझं ठाम मत.

रिम गुंतल्याची खूण सोपी. मॅगझिन काढा, चेंबर (नळीतलं काडतुसाचं घर) रिकामं करा, मग मॅगझिनमधलं वरचं काडतूस अंगठ्याने पुढे ढकला. हललं नाही, तर रिम गुंतलीच. मॅगझिन आपटू नका. तळपट्टी सरकवून खालून रिकामं करा, स्प्रिंग उसळते तेव्हा हाताने धरून ठेवा.

दोन मॅगझिन असतील तर त्यांवर १ आणि २ लिहा. अडथळा एकाच मॅगझिनला येत असेल तर त्याचे ओठ (काडतूस धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा) वाकलेत किंवा स्प्रिंग थकलीय. ओठ पकडीने घरी वाकवू नका, परवानाधारक गनस्मिथकडे द्या.

घोडा पडला पण बार झाला नाही, तर नळी लक्ष्याकडेच ठेवून ३० सेकंद थांबा, बार उशिराही होतो. मग काडतूस काढून प्रायमर, म्हणजे बुडातली ठिणगी देणारी टोपी, बघा. तिच्यावरचा खळगा उथळ असेल तर फायरिंग पिनची (प्रायमरवर आदळणाऱ्या सुईची) वाट तेलामळाने चिकटलीय किंवा स्प्रिंग कमजोर झालीय. खळगा खोल असेल तर काडतूसच जुनं किंवा दमट. तेलही प्रायमरमध्ये झिरपून तो निकामी करू शकतं, म्हणून काडतुसांना तेलाचा हात लावू नये.

आवाज नेहमीपेक्षा फुसका आला तर लगेच थांबा. गोळी नळीत अडकलेली असू शकते, आणि पुढची गोळी उडवली तर नळी फुटू शकते. पिस्तूल पूर्ण रिकामं करा, ते उघडून नळीतून आरपार उजेड दिसतो का बघा, मगच पुढचं काडतूस भरा.