शून्य तिकिटांचा शो

घोडबंदर रोडवरच्या एका मल्टिप्लेक्समध्ये ड्युटी मॅनेजर आहे मी, आठ वर्षं झाली. लोकांना वाटतं यांची मजा, रोज फुकट पिक्चर. अहो, आम्ही प्रत्येक पिक्चरची पहिली दोन मिनिटं बघतो, आवाज ओके, फोकस ओके, एसी ओके, चला पुढच्या ऑडीत.

त्या शुक्रवारी मोठा हॉलिवूडपट होता, सहापैकी चार स्क्रीन त्याच्याच. आणि स्क्रीन 4 वर दुपारी 12.15 ला एका छोट्या निर्मात्याचा मराठी. सव्वाबाराच का, तर 2015 ला सरकारने मराठीला प्राइम टाइम द्या म्हणून फर्मान काढलं तेव्हा आधी संध्याकाळी 6 ते 9 म्हटलं, मग आरडाओरडा झाला आणि त्याचं दुपारी 12 ते रात्री 9 झालं. म्हणजे कामाच्या दिवशी भर दुपारी सव्वाबारा हा कागदावर प्राइम टाइम. पळवाट आम्हाला शोधावी पण लागली नाही.

साडेदहाला बूथमधला पोरगा म्हणाला, सर, चावी लागत नाहीये. पिक्चर हार्डडिस्कवर येतो पण लॉक असतो, उघडायला केडीएम नावाची डिजिटल चावी लागते, ती एकाच सर्व्हरवर चालते आणि तीही ठरलेल्या तारखेपासून ठरलेल्या तारखेपर्यंत. महिन्यापूर्वी स्क्रीन 4 च्या सर्व्हरचा मीडिया ब्लॉक, म्हणजे पिक्चरचं लॉक उघडणारा भाग, उडाला म्हणून बदलला होता आणि लॅबने चावी जुन्याच ब्लॉकची पाठवलेली. नवीन ब्लॉकच्या सर्टिफिकेटची मेल लॅबला गेली होती, वाचली कोणी? हॉलिवूडवाल्यांच्या चाव्या दोन दिवस आधी येऊन टेस्ट पण झाल्या होत्या. मराठीच्या निर्मात्याचा माणूस कापूरबावडीच्या ट्रॅफिकमधून दर पाच मिनिटांनी फोन करत होता, साहेब शो कॅन्सल करू नका हां. मी लॅबच्या इतकं मागे लागलो की शेवटी 11.52 ला मेल आली, चावी पेनड्राइव्हवर घेऊन दोन मजले पळत गेलो, लोड केली, एक ट्रेलर उडवला आणि बरोबर 12.15 ला शो सुरू. स्वतःचीच पाठ थोपटावीशी वाटली.

मग बॉक्स ऑफिसला विचारलं. शून्य तिकीट.

एरवी शून्य असेल तर आम्ही शो रद्द करतो, प्रोजेक्टर उगाच कशाला तापवा. पण आमचे मोठे साहेब म्हणाले, चालू दे, मराठीचे वर्षाचे 124 शो भरायचेत. रजिस्टरमध्ये शो मोजतात, डोकी कोण मोजतंय.

एम.कॉम.ला इंटरनॅशनल ट्रेड होता तेव्हा हेच शिकलो होतो की. बाकीचा माल बंदरावर अडवता येतो, पण पिक्चरची एकच प्रिंट आत आली की महिनाभर चालते, म्हणून 1947 च्या गॅट या आंतरराष्ट्रीय व्यापार करारात कलम 4 खास सिनेमासाठी ठेवलं, देशी पिक्चरसाठी पडद्याचा वेळ राखून ठेवता येतो आणि तो मोजायचा थिएटरमागे, वर्षाच्या हिशोबाने, प्रत्यक्ष वापरलेला स्क्रीन टाइम. खुर्चीत माणूस होता का, हे त्यात नाही. कोरियात वर्षाला 146 दिवस देशी पिक्चर लावायची सक्ती होती, अमेरिकेशी व्यापार कराराची बोलणी करायची म्हणून 2006 ला ती 73 वर आणली. तिथेही मोजायचे दिवसच. आपला मराठीचा नियम काही गॅटमधून आलेला नाही, पण मोजायची खोड तीच. आणि ब्रिटनमध्ये देशी पिक्चरचा कोटा लावणाऱ्या 1927 च्या कायद्यानंतर कोट्यापुरते स्वस्तातले पिक्चर निघायचे, ते म्हणे सकाळी झाडलोट करणाऱ्या बायकांसमोर चालवून हिशोब पुरा करायचे. वर्गात आम्ही हसलो होतो.

दीडच्या सुमारास स्क्रीन 4 मध्ये डोकावलो तर मागच्या रांगेत आमच्या हाउसकीपिंगच्या दोघी. मोठ्या मावशी आणि नवीन लागलेली एक मुलगी. झाडू मांडीवर, पाय वर घेऊन, डबा उघडा. मला बघून मुलगी ताडकन उठली. मावशी म्हणाल्या, "बसू द्या ना साहेब, आमचा जेवायचाच टाइम आहे. नाहीतरी चालूच आहे." म्हटलं बसा. दार हळूच लावून घेतलं.

संध्याकाळी रिपोर्ट भरला, शो 1, प्रेक्षक 0. निर्मात्याच्या माणसाचा फोन आला, किती होते? मी म्हटलं दोन. तो म्हणाला, दोन तर दोन, उद्या वाढतील.

सोमवारी कळलं की कॉन्ट्रॅक्टरच्या सुपरवायझरने सीसीटीव्हीत बघून शेवटाच्या वीस मिनिटं आधी दोघींना बाहेर काढलं आणि अर्धा दिवस कापला. बसा म्हणणारा मी होतो, हे मी त्याला सांगू शकलो असतो. केबिनपर्यंत गेलो पण होतो, तेवढ्यात हॉलिवूडच्या शोचा आवाज गेला म्हणून वॉकीवर बोलावणं आलं, आणि मग राहिलंच, म्हणजे राहू दिलं मी.

मावशी लिफ्टपाशी भेटल्या. मी पैशांचं काढणार तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "साहेब, त्या धाकट्या भावाचं शेवटी काय झालं हो? गावाला परत जातो का तो?"

मला काय माहीत. मी पहिली दोन मिनिटंच बघितली होती.