आत्या, हंस आणि तीनताल

आत्या लंडनला येणार म्हटल्यावर मी तिच्यासाठी जी यादी केली त्यात पहिल्या नंबरवर 'स्वान लेक' हे बॅले नृत्यनाट्य होतं, कारण खरं सांगायचं तर ते मलाच बघायचं होतं. कॉव्हेंट गार्डनच्या रॉयल ऑपेरा हाऊसमधे अगदी वरच्या अँफीथिएटरमधली दोन तिकिटं काढली, खालची परवडत नाहीत. "एवढ्या उंचीवरून नर्तकीचे डोळे कसे दिसणार गं?" आत्याने विचारलं. मी आपलं ठोकून दिलं की बॅलेमधे डोळ्यांचं एवढं काही नसतं. ती माझ्याकडे बघतच राहिली.

आत्या पक्की कथकवाली. रोहिणीताई भाट्यांमुळे पुण्यात घरोघरच्या मुली कथक शिकायला लागल्या, त्यातली ही एक. आता गुडघे बोलतात, पण ताल नाही सुटला, बसमधे बसली तरी बोटं मांडीवर चालू.

पहिला अंक तिला अजिबात आवडला नाही. राजपुत्राचा वाढदिवस असतो, सगळे पेले उंचावत इकडून तिकडे फिरतात. "रिसेप्शन चाललंय नुसतं," आत्या म्हणाली, म्हणजे तिच्या मते कुजबुजली. मग तळं आलं, हंस आले, आणि त्या चार छोट्या हंसिणी, एकमेकींचे हात कैचीत धरून, आठ पाय एकदम उचलतात आणि माना एकदम वळतात, तिथे आत्या ताठ झाली. बोटं सुरू झाली. आणि एका झकास जागेवर तिने खणखणीत "वा!" दिली.

पुढच्या रांगेतले आजोबा अख्खे वळले. मी सीटमधे जेवढी बुडता येईल तेवढी बुडले.

"दाद द्यायची नाही तर आलोय कशाला?"

"तुकडा संपला की टाळ्या वाजवायच्या, मधे नाही."

आणि नेमकी तेव्हाच नर्तकी पुढे येऊन टाळ्या घेत वाकली, तर आत्याला तेही खटकलं, "हंस झालीय ना ती, मग मधेच नमस्कार काय करते?" मी म्हटलं बालगंधर्व वन्स मोअर घ्यायचे तेव्हा नाटकातली गोष्ट कुठे जायची? "ते गाणं होतं," विषय संपला.

इंटरव्हलमधे छोट्या कपातलं आईस्क्रीम खाता खाता मी तिला नर्तकीच्या बुटांचं सांगितलं. पुढच्या टोकाला लाकूड वगैरे नसतं, कापड आणि कागदाचे थर खळीने चिकटवलेले असतात, घामाने आणि आपटून ते मऊ पडतात, मोठी भूमिका असेल तर एका रात्रीत जोडी बाद. आत्याने चमचा खाली ठेवला. तिचे घुंगरू, पायाला शंभर शंभर, चाळीस वर्षं त्याच बिस्किटांच्या डब्यात आहेत, दोरी तेवढी बदलते. "एका रात्रीत?" कुणीतरी गेल्यासारखा चेहरा केला तिने.

तिसऱ्या अंकात काळी हंसिणी येते, ओडील. आधीची पांढरी ओडेट आणि ही, दोन्ही बहुतेक एकच नर्तकी करते. हिच्या त्या प्रसिद्ध ३२ गिरक्या असतात, एका पायावर उभं राहून दुसरा पाय चाबकासारखा फेकत. १८९५ साली सेंट पीटर्सबर्गला पिएरिना लेन्यानी नावाच्या इटालियन बाईने या बॅलेत त्या घेतल्या आणि तेव्हापासून प्रत्येकीच्या मानेवर ते ओझं आहे. मी हे फुशारकीने सांगत होते तर आत्या मधेच म्हणाली, "बत्तीस? म्हणजे तीनतालाची दोन आवर्तनं." झालं, हिने एक गिरकी एक मात्रा धरली आणि बोटांच्या पेरांवर मोजायला लागली. माझ्या हातातली दुर्बीण काढून घेतली. "मान बघ तिची. नजर सगळ्यात शेवटी सोडते आणि सगळ्यात आधी पोचते. आम्हाला चक्करला हेच शिकवलं. फक्त आम्ही टाचेवर, ही बोटाच्या टोकावर. बाई गं."

विसाच्या पुढे थिएटरमधे टाळ्या सुरू झाल्या, हो, मधेच, तेच सगळे शिस्तीचे लोक. आत्याने समेवर दिलेली "क्या बात है" त्यात कुणाला ऐकूच गेली नाही. तिलाही नाही बहुधा. खाली बसल्यावर म्हणाली, "एकतीसच झाल्या. पण असू दे."

शेवटच्या अंकात ती रडली. का ते मी विचारलं नाही.

बाहेर आलो तर कॉव्हेंट गार्डन स्टेशनच्या लिफ्टला ही गर्दी. बाजूला गोल जिना आणि त्याच्यापाशी पाटी, १९३ पायऱ्या. मी म्हटलं थांबू गं, तुझे गुडघे. आत्या पाटीकडे बघत ओठ हलवत होती.

"बारा आवर्तनं," ती म्हणाली, "आणि वर एक. समेवर येतंय बघ." आणि पर्स माझ्याकडे देऊन कठडा धरून उतरायला लागली.