उंबऱ्यावरची आजी आणि लॅम्डा

दुपारी अडीचच्या सुमारास बेल वाजवणाऱ्या माणसाबद्दल माझं मन कधीच साफ होणार नाही. परवा कुरिअरवाल्याने वाजवली. नुकता लागलेला डोळा उघडला तो उघडलाच. मग भाचीचं बारावीचं जीवशास्त्र चाळत बसले. एका पानावर आडव्या रेघेवर एक गोळा बसलेला, खाली नाव ‘रिप्रेसर’. मला एकदम आजी आठवली.

आजी दुपारी माजघराच्या उंबऱ्याशी, दारातच आडवी व्हायची. अंगणात जायला वाट तेवढीच. आत आम्ही सगळी सुट्टीतली पोरं, खिशात मीठ-तिखटाच्या पुड्या, बाहेर कैऱ्यांनी लगडलेलं झाड. तिला ओलांडायची छाती कुणाला होत नसे, कारण ती झोपलेली नसायचीच. मिटल्या डोळ्यांनी विचारायची, “कोण रे ते?” शेजारची पोरं बोलवायला यायची, तीही तिला बघून फाटकातूनच पसार. पदराच्या टोकाला तिने बांधलेल्या सुपारीचा वास अजून नाकात आहे. असो.

लॅम्डा नावाच्या विषाणूचं असंच काहीसं. ई. कोलाय जिवाणूची के-12 ही जात 1922 पासून प्रयोगशाळांत वाढवली जात होती, आणि तिच्या डीएनएत हा विषाणू मुकाट बसून होता. कुणाला पत्ताच नाही. 1951 मध्ये एस्थर लेडरबर्ग यांनी त्याची नोंद केली. त्याला गप्प ठेवणारं प्रथिन, म्हणजे तो रिप्रेसर, 1967 मध्ये मार्क टाश्नी यांनी हार्वर्डमध्ये वेगळा काढला.

हा रिप्रेसर त्या विषाणूच्याच जनुकातून बनतो, ही मला यातली सगळ्यात मजेची गोष्ट वाटते. तो जोडीने काम करतो. डीएनएवर त्याच्यासाठी सतरा-सतरा अक्षरांच्या तीन जागा शेजारी शेजारी असतात. प्रथिनातला छोटा पीळ डीएनएच्या रुंद खाचेत शिरतो आणि तिथली अक्षरं चाचपून ओळखतो. पहिल्या जागी एक जोडी बसली की ती दुसरीला शेजारी धरून ठेवते. एवढ्याने विषाणूच्या बाकीच्या जनुकांची वाट अडते, आणि रिप्रेसरचं स्वतःचं जनुक मात्र जोरात चालू लागतं. तो फारच साठला तर तिसरी जागाही भरते, की त्याचं स्वतःचं उत्पादनही थांबतं. बाहेरून नवा लॅम्डा आत शिरला, तर त्यालाही हाच रिप्रेसर गप्प करतो.

याची मूळ कल्पना सुचली कुठे, तर फ्रेंच शास्त्रज्ञ फ्रान्स्वा जाकोब यांना 1958 च्या जुलैत, पॅरिसच्या एका सिनेमागृहात. पडद्यावर काय चाललंय याकडे लक्ष नव्हतं, आणि झोपलेला विषाणू व जिवाणूची दुधातली साखर पचवणारी जनुकं यांचं कुलूप एकाच पद्धतीचं असावं, हे त्यांना तिथे उमगलं. 1965 मध्ये नोबेल मिळालं. मला सिनेमात कंटाळा आला की फक्त भूक लागते.

पण जिवाणूवर अतिनील किरण पडले, डीएनए तुटायला लागला, की रेकए नावाचं प्रथिन जागं होतं आणि त्याच्या संगतीत रिप्रेसर स्वतःलाच मधोमध कापून घेतो. पकड सुटते. पाऊण-एक तासात जिवाणू फुटतो आणि शंभरेक नवे लॅम्डा बाहेर पडतात.

लॅम्डाची काही भावंडं मात्र अशी गमतीची नाहीत. ई. कोलायच्या ओ157 या जातीत शिगा विषाचं जनुक अशाच एका झोपलेल्या विषाणूत असतं. रक्ती जुलाबाने पोर आडवं पडलेलं असतं, आणि काही प्रतिजैविकं डीएनएला इजा करून त्याच विषाणूला उठवतात. मग विष वाढतं आणि मूत्रपिंडं निकामी होण्याची भीती असते. म्हणून या आजारात डॉक्टर प्रतिजैविकं द्यायला कचरतात.